चिऱ्यावरचा चिमणतेरडा

प्रिय रेवा आणि सोहम,

मागच्या रविवारी सोहमने व्हिडिओ कॉलवर मला त्याच्या शाळेचा फॉर्म वाचून दाखवला. आजी-आजोबांचं नाव, भाषा, आवडतं जेवण आणि शेवटी एक प्रश्न : त्यांचं घर कुठे आहे? पुढे एकाच शब्दापुरती चौकट. "आजी, कोकण की बंगलोर? वन वर्ड ओन्ली," असं तो पेन उघडून बसला. मी म्हटलं, चार दिवस दे. त्याला ते फारसं आवडलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गावाहून दत्तूआजोबांचा एक व्हिडिओ आला, अवघा बावीस सेकंदांचा. तो पाहिला आणि तुम्हाला उत्तर द्यायला मी मोकळी झाले. पण ते उत्तर एका शब्दात मावत नाही, म्हणून हे पत्र. रेवाने स्वतः वाचावं, अडेल तिथे बाबाला विचारावं. सोहमला कोणीतरी वाचून दाखवावं, आणि मध्ये उठू देऊ नये.

मी घर सोडलं तेव्हा माझ्या लग्नाला बारा दिवस झाले होते. जून संपत आला होता. तालुक्याच्या एसटी स्टँडवर माझे वडील, आई आणि दत्तू, म्हणजे माझा धाकटा भाऊ, उभे होते. वडिलांनी तीन वेळा सांगितलं, "पोचलीस की कार्ड टाक." एसटी सुरू झाली तेव्हा आईने खिडकीतून दूध पावडरचा एक रिकामा डबा माझ्या हातात दिला. डब्यात तुळशीचं रोप होतं. मुळाशी आमच्या सड्यावरची ओली, तांबडी माती दाबून बसवलेली होती. सडा म्हणजे काय ते तुम्हाला माहीत नाही. घरामागे चढण चढून गेलं की वर सपाट कातळ लागतो, लांबच लांब, जांभ्या दगडाचा. उन्हाळ्यात त्यावर पाय ठेववत नाही. पावसात त्याच्या खळग्यांत पाणी साठतं, बोटभर माती धरते, आणि त्या बोटभर मातीत इतकी फुलं येतात की चालायला वाट शोधावी लागते.

तो डबा मांडीवर घेऊन मी कोल्हापूर, मग मिरज, मग बंगलोरची गाडी असा प्रवास केला. तुमचे आजोबा, जे तेव्हा मला जेमतेम ओळखत होते, एवढंच म्हणाले, "सुटकेस मी धरतो. डबा मागायची माझी हिंमत नाही."

आम्ही कारखान्याच्या कॉलनीत राहायला गेलो. दोन खोल्या, पुढे हातभर बाग, आणि सगळ्या बागांना एकाच उंचीची मेंदीची कुंपणं. मला ते फार आवडलं. मी इंग्रजी घेऊन बी. ए. झाले होते, नीटनेटकेपणाची मला हौस होती, आणि गावची मुलगी म्हणून कोणी ओळखू नये अशी तेव्हा फार इच्छा होती. शेजारच्या बायका डेलिया आणि गुलाब लावत. मीही लावले. ऑगस्टमध्ये कॉलनीत बागांची स्पर्धा असे.

त्याच ऑगस्टमध्ये तुळशीच्या डब्यात एक चिमुकलं रोप वर आलं. वीतभरसुद्धा नाही. काडीसारखा लालसर दांडा आणि वर गुलाबी फूल, तुमच्या करंगळीच्या नखाएवढं. मी ते लगेच ओळखलं. आमच्या सड्यावरचा चिमणतेरडा. पुस्तकात त्याला काय म्हणतात ते मी पुष्कळ नंतर शोधलं, पण आमच्या घरात त्याला हेच नाव होतं. दरवर्षी एकदाच येतो, फुलतो, बी टाकतो आणि दिवाळीपूर्वी वाळून जातो. परीक्षक दुसऱ्या दिवशी येणार होते. तुळशीत तण दिसायला नको म्हणून मी तो उपटला.

मला स्पर्धेत बक्षीस मिळालं नाही. पण सगळं सांगायची सवय, म्हणून आईला पत्रात मी हेही लिहिलं. तिचं कार्ड आलं. बाकीची खुशाली आणि शेवटी एक ओळ : "चिमणतेरडा उपटलास, बरं. पण उपटून ठेवलास कुठे?"

तुम्हाला ही ओळ साधी वाटेल. आमच्या घरात ती साधी नव्हती. आईचा एकच नियम होता, "घेतलंस तिथे ठेव." कात्री असो, पुस्तक असो, विहिरीवरचा दोर असो. आणि चिमणतेरड्यालाही तोच नियम. भाद्रपदात आमच्याकडे खड्याच्या गौरी असत. आम्ही मुली पाणवठ्यावरून पाच खडे आणायचो आणि सड्यावरून चिमणतेरड्याची मुळासकट पाच रोपं. वाटेत बोलायचं नाही, मागे वळून पाहायचं नाही. तिसऱ्या दिवशी खडे पाण्यात सोडायचे. रोपं मात्र आई परत सड्यावर नेऊन, जिथून काढली त्या खळग्यातच ठेवायची. लोक पाण्यात सोडायचे, ती सोडायची नाही. का, ते आम्ही कधी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

मी तर तो कचऱ्याच्या डब्यात टाकला होता. पुढच्या पत्रात मी तिला डेलियाबद्दल लिहिलं. तिने पुन्हा विचारलं नाही. ती गेली तेव्हाही ती ओळ अनुत्तरितच होती.

मधली वर्षं तुम्हाला तुमच्या बाबाकडून माहीत आहेत. मी शाळेत इंग्रजी शिकवलं, आजोबा निवृत्त झाले, आम्ही शहराच्या दक्षिणेकडच्या एका लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वस्तीत, हे घर बांधलं. बाबा इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला होता, तुम्ही दोघं इथेच जन्मलात. मग तुमचं ॲडलेडला जायचं ठरलं. रेवा चार वर्षांची होती आणि सोहम विमानतळावर माझ्या खांद्यावर झोपला होता. तुम्ही गेल्यावर घर फार आवरलेलं राहू लागलं. मला आवरलेलं घर आवडतं, पण इतकं नाही.

म्हणून त्या वर्षी भाद्रपद संपता संपता मी एकटी गावी गेले. दत्तूने चहा पुढे ठेवला आणि सांगितलं, "ताई, सडा गेला बरं का. चुलत भावांनी आपापले हिस्से विकले. माझ्या एकट्याचा राहून काय होतंय? दिवाळीनंतर चिरेखाण सुरू होईल." चिरा म्हणजे जांभ्याचा कापलेला ठोकळा, ज्याने आमच्याकडे घरं बांधतात. म्हणजे जमिनीवरचं सगळं खरवडून काढणार आणि खालचा कातळ मशीनने वड्यांसारखा कापणार.

मी चढण चढून वर गेले. चिमणतेरडा फुललेला होता. दुसऱ्या सड्यांवर तो असेलही, असावाच. पण आमच्या सड्यावरचा हा एवढाच, आणि पुढच्या वर्षी तो नसणार होता. मी आठ दिवस राहून त्याचं बी गोळा केलं. ते सोपं नाही. त्याची बोंडं पिकली की नुसत्या स्पर्शाने फुटतात आणि बी हातभर लांब उडतं. तळव्याखाली बोंड झाकायचं आणि मग बोट लावायचं. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत मी ते भरलं. बंगलोरला आल्यावर भिंगाखाली मोजलं. साठ बिया होत्या.

आता तुमच्या आजीच्या चुका ऐका.

पहिल्या वर्षी मी उत्तम कोकोपीट आणलं, उत्तम शेणखत आणलं, वीस कुंड्यांत वीस बिया, पट्टीने मोजून अर्धा इंच खोल. प्रत्येक कुंडीला नंबर आणि तारखेचं लेबल. मृग नक्षत्राच्या दिवशी पेरलं, कारण आमच्याकडे सगळं मृगालाच पेरतात. एकही उगवलं नाही. आजोबा रोज सकाळी कुंड्यांपुढे उभे राहून म्हणत, "लेबलं इंग्रजीत आहेत ना, त्यांना वाचता येत नसतील."

दुसऱ्या वर्षी अर्ध्याऐवजी पाव इंच, पुन्हा वीस, पुन्हा मृगाला. सात उगवली. दोन पानांवर आली आणि जूनच्या वाऱ्याने एका आठवड्यात वाळली. मी सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी पाणी घालत होते. वहीत त्याची नोंद आहे. त्याच सुमारास दत्तूचा फोन आला, की सड्याचा वरचा थर पूर्ण गेला, आता नुसता लाल खड्डा आहे. मी बाटली उजेडात धरली. वीस उरल्या होत्या. जगात दुसरीकडे कुठे त्या नव्हत्या, निदान आमच्या नव्हत्या. मला आईचं कार्ड आठवलं आणि मी बाटली कपाटात ठेवून दिली. पुन्हा पेरायची भीती वाटली.

पुढच्या उन्हाळ्यात आंब्याच्या पेट्या घेऊन येणाऱ्या ट्रकमधून दत्तूने मला दोन चिरे पाठवले. वर खडूने लिहिलं होतं, "नाजूक. हळू उचला." ते उचलायला तीन माणसं लागली. मी फोन केला तर म्हणाला, "अगो, तू काही सड्यावर येत नाहीस, म्हणून सडाच पाठवला. आता ठेव कुठे तो."

रत्नम्मा तुम्हाला आठवत असेल, रेवाला तरी. ती आनेकलहून रोज बसने येते, गेली चौदा वर्षं. स्वयंपाकघर तिचं आणि मागचं अंगणही जवळजवळ तिचंच. आम्ही कन्नडमध्येच बोलतो. माझं कन्नड ऐकून ती अजून हसते, पण तिचं बोलणं मी इथे मराठीत लिहिते. तिने चिरे पाहिले आणि विचारलं, "अम्मा, घर बांधायला दोनच?" मग मी तिला पहिल्यांदा सगळी गोष्ट सांगितली. बाटली दाखवली, वही दाखवली, मृगाची तारीख दाखवली.

तिने वही मिटली. "तुमच्या गावचा पाऊस जूनमध्ये येतो म्हणून इथला येईल काय? इथे जूनमध्ये वारा. आम्ही रागी, तुमची नाचणी, कधी पेरतो? आषाढ जाऊ द्या. आणि बी पुरायचं कशाला? त्याला तुमच्या सड्यावर कोण पुरत होतं?"

चाळीसहून अधिक वर्षं मी या शहरात राहत होते. इथे मुलाला वाढवलं, इथली शेकडो मुलं शिकवली, आणि पेरत होते कोकणच्या पंचांगाने.

रत्नम्माने चिरे मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाशेजारी, भिंतीच्या आडोशाला ठेवून घेतले. तिथे वारा लागत नाही आणि धुण्याचं पाणी निथळून ओल राहते. साबणाचं पाणी नको असा मी हट्ट धरला, तर म्हणाली, "सरी अम्मा, ठीक आहे, साबणाचे कपडे मशीनमध्ये. इथे मी फक्त पायपुसणी खळबळते." आषाढ संपल्यावर मी चिऱ्यांच्या खळग्यांत चिमूटभर लाल माती टाकली आणि वर दहा बिया नुसत्या भुरभुरवल्या. लेबल लावलं नाही. हात शिवशिवत होते, पण लावलं नाही.

तीन रोपं आली. श्रावणात ती बोटभर झाली आणि भाद्रपद लागता लागता एका सकाळी रत्नम्माने स्वयंपाकघरातून हाक मारली, "अम्मा! या, या लवकर!" पहिलं फूल उघडलं होतं. ती उकिडवी बसून बघत होती. "हे तर गौरी हू," ती म्हणाली. तेरड्याला इथे गौरीचं फूल म्हणतात. "आमच्याकडे गुडघ्याएवढं असतं. हे त्याचं पिल्लू." आजोबा चष्मा लावून आले, बराच वेळ वाकून राहिले आणि म्हणाले, "एवढंसं? यासाठी तीन वर्षं?" मग त्यांनी त्याचे चौदा फोटो काढले. तुम्हाला त्यातले दोन पाठवलेले आठवत असतील.

आणि मग मी सर्वांत मोठी चूक केली. आनंदात केली, म्हणून ती जास्त लागते.

गौरी आल्या. इतक्या वर्षांत इथे माझ्या गौरीपुढे बाजारातला तेरडा असायचा. या वर्षी खरा होता. मी तिन्ही रोपं मुळासकट काढली, पाच खड्यांपाशी मांडली, घावन-घाटल्याचा नैवेद्य दाखवला. मला वाटलं, आई पाहत असती तर. तिसऱ्या दिवशी लेआउटच्या कोपऱ्यावर विसर्जनासाठी मोठी टाकी ठेवतात, तिथे खडे आणि रोपं दोन्ही सोडून आले. इथे सगळे तसंच करतात.

घरी येऊन पाट उचलला तर पाटावर एक हिरवं बोंड पडलेलं होतं. कच्चं. मी ते बोटांनी दाबलं. आत पांढुरके, ओले कण. तेव्हा, पाटासमोर उभी असताना, मला कळलं की आई रोपं परत सड्यावर का नेत असे. गौरीच्या दिवसांत बोंडं पिकलेली नसतात. ओल्या मातीवर मुळं टेकवून ठेवली की उपटलेलं रोपही आठ-दहा दिवस तग धरतं, बोंड पिकवतं, फुटतं, आणि बी जिथलं तिथे पडतं. तो काही देवधर्म नव्हता. ती पुढच्या वर्षीचं पेरत होती.

मी चप्पल घालून टाकीकडे गेले. टाकी फुलांनी आणि पानांनी भरली होती. तिथल्या माणसाला मी कन्नडमध्ये समजावलं की मला तीन काड्या परत हव्या आहेत. त्याने टाकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अतिशय आदराने म्हणाला, "अम्मा, देवीला दिलं ते गेलं." एक तासाने रत्नम्मा मला घरी घेऊन आली.

बाटलीत दहा बिया उरल्या. चौथं वर्ष त्यांच्यावर होतं.

त्या जुलैत मी त्या चिऱ्यांवर भुरभुरवल्या. बिया जुन्या झाल्या होत्या. दहापैकी चार उगवल्या. एक गोगलगायीने खाल्ली. तेव्हापासून आजोबा सकाळचा पेपर धुण्याच्या दगडावर बसून वाचू लागले. "मला इथे उजेड चांगला मिळतो," असं सांगत, पण शेजारी मिठाची बरणी असायची, गोगलगायींसाठी. भाद्रपदात तिन्ही रोपं फुलली. गौरी दोन दिवसांवर आल्या.

आजोबांनी विचारलं, "मग या वर्षी बाजारातला आणू का?"

मी म्हटलं, "नको. फूल उपटायचं नाही. गौरच तिकडे न्यायची."

"देवी धुण्याच्या दगडापाशी? तुझी आई काय म्हणाली असती?"

मला ते माहीत होतं, पण मी बोलले नाही, कारण तेव्हा मी नळाखालचे पाच खडे ओंजळीत घेतले होते आणि वाटेत बोलायचं नसतं. आजोबांच्या ते उशिरा लक्षात आलं आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला. मी मागे न बघता घरातून मागच्या अंगणात गेले आणि खडे चिऱ्यावर, तिन्ही रोपांच्या मध्ये ठेवले. नैवेद्य दाखवायला आणि पावसाची सर यायला एकच गाठ पडली. आजोबांनी धावत जाऊन मोठी काळी छत्री आणली. सगळी आरती त्यांनी गौरीवर छत्री धरून म्हटली, स्वतः भिजत. रत्नम्मा घंटा वाजवत होती आणि हसत होती. "गौरी कुठे बसलीये बघा," ती म्हणाली, "स्वतःच्याच अंगणात बसल्यासारखी." त्या वर्षी मी फक्त खडे विसर्जन केले.

मग वाट पाहिली. अर्ध्या बोंडांना मी लग्नात बदाम घालून देतात तशा जाळीच्या बारीक पिशव्या बांधल्या. उरलेल्या अर्ध्यांना रत्नम्माने बांधू दिल्या नाहीत. "त्यांचं त्यांना करू द्या स्वल्प," म्हणाली. सप्टेंबरच्या अखेरीस एका दुपारी मी धुण्याच्या दगडावर बसले होते आणि शेजारी चट् असा बारीक आवाज झाला. काहीतरी माझ्या मनगटाला लागलं. पुन्हा चट्. चिऱ्यावर, माझ्या पदरावर, भिंतीच्या फटीत, सगळीकडे बी उडत होतं. मी आजोबांना हाक मारली. आम्ही दोघं, सत्तरीच्या आसपासची माणसं, वाकून एकेका बोंडाला बोट लावत होतो आणि प्रत्येक वेळी दचकत होतो. पिशव्यांतलं बी मी रात्री जेवणाआधी मोजायला बसले. दोनशेपर्यंत मोजलं आणि थांबले. वहीत आकड्याच्या जागी लिहिलं : पुष्कळ.

पाचव्या वर्षी मी काहीच पेरलं नाही. तो आपणहून आला. चिऱ्यांवर, धुण्याच्या दगडाच्या कडेला, पाणी जायच्या पन्हळीत, आजोबांच्या पेपर वाचायच्या जागी. आम्ही त्याला ओलांडून जायला शिकलो. रत्नम्माने मूठभर ओली माती वर्तमानपत्रात बांधून आनेकलला नेली. आता तिच्या घरामागे, पाण्याच्या हौदाशेजारी तो आहे. तिच्या नातीने त्याचं नाव अम्माची गौरी असं ठेवलंय. मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण मला आवडलं.

गेल्या डिसेंबरात दत्तू डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी इथे आला. जाताना मी त्याच्या खिशात तीच होमिओपॅथीची बाटली घातली, काठोकाठ भरलेली. खाण बंद पडली होती. तो लाल खड्डा पाण्याने भरलेला, कडेला नुसते चिऱ्यांचे तुकडे. तो म्हणाला, "तिथे काय उगवणार, ताई? गवतसुद्धा धड नाही." मी म्हटलं, "पुरू नकोस. पाऊस लागला की कडेने नुसतं टाकून ये. तिकडे मृगालाच टाक."

सुरुवातीला सांगितलेला व्हिडिओ त्याचाच. पहिली पाच सेकंदं नुसता त्याचा अंगठा दिसतो. मग पाऊस, लाल पाण्याचा खड्डा, आणि त्याच्या काठाने, तुटक्या चिऱ्यांच्या फटीफटीत, गुलाबी. एक-दोन नाही. काठ संपेपर्यंत. मागून दत्तूचा आवाज येतो, ऑपरेशन झालेल्या डोळ्यांचा त्याला फार अभिमान आहे : "ताई, मला इथून दिसतंय गो! इथून!" आणि मग तो घसरतो आणि व्हिडिओ संपतो. त्याला काही लागलेलं नाही, मी विचारलं.

मी तो अकरा वेळा पाहिला. मग देवघरातल्या पेटीतून आईचं ते जुनं कार्ड काढलं. शाई फिकी झाली आहे, पण ओळ वाचता येते. त्या ओळीखाली, इतक्या वर्षांनी, मी बारीक अक्षरात उत्तर लिहिलं : "घेतला होता तिथेच ठेवला, आई."

मी तुम्हाला बिया पाठवणार नाही. तुमच्या देशात त्या पाकिटातून आणायला मनाई आहे आणि ते बरोबरच आहे, तिथल्या मातीत तिथली फुलं असावीत. तुमच्या टेकडीवरही असं नखाएवढं काहीतरी उगवत असेल. रेवाने ते शोधावं, नाव विचारावं, आणि उपटायचं झालंच तर ठेवायचं कुठे ते आधी ठरवावं. मला फोटो पाठवावा. इथे याल तेव्हा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये या. बोंडं मी तुमच्यासाठी राखून ठेवीन, आजोबांना हात लावू देणार नाही.

आणि सोहम, तुझा फॉर्म. चौकट लहान आहे, म्हणून तू बंगलोर लिही. मी इथल्या वाऱ्या-पावसाप्रमाणे पेरायला शिकले, म्हणून इथलीच. बाईंनी विचारलं तर सांग की माझी आजी जिथून आली तिथलंही तिच्याकडे थोडं आहे, आणि आता तिथेही इथलं थोडं आहे.

आमचा सडा राहिला नाही. तुळस कधीच गेली. दूध पावडरचा डबाही गंजून गेला. चिमणतेरडा आहे. खाणीच्या काठाला आहे, आनेकलला रत्नम्माच्या हौदाशी आहे, आणि हे लिहिताना मान वर केली की धुण्याच्या दगडाशेजारी, दोन चिऱ्यांवर, मला दिसतो आहे.

तुमची आजी